खाडीपलीकडची पायवाट

बाबा, आज तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी थंडी पडली की हा राग वर येतो.

थंडीतले रविवार तुमचे असायचे. अंधेरीच्या आपल्या दोन खोल्यांत आई सगळ्यांच्या आधी उठून पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरायची, आणि तुम्ही, मी आणि धाकटा भाऊ वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडायचो. मढला उतरलं की वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून तुम्ही पुढे, तुमच्यामागे मी आणि सगळ्यांत मागे कुरकुरणारा भाऊ. पुढे तिवरांच्या कडेने पायवाट जाते, ओहोटीच्या चिखलात तुतारी पक्ष्यांचा थवा किडे टिपत असतो, तुम्ही हात वर करता आणि मी श्वास रोखून थांबते. कुरव पक्षी कुठून येतात, धोबी पक्षी सारखी शेपटी का हलवतो, मी विचारत राहायचे आणि तुम्ही न कंटाळता सांगायचात. भाऊ फक्त डबा कधी उघडणार ते विचारायचा.

मी आठवीत गेले त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि मी स्वेटर घालून दाराशी उभी राहिले. तुम्ही बुटाच्या नाड्या बांधत होता. वर न बघताच म्हणालात, "तू आता घरी थांब. मोठी झालीस." का, म्हणून विचारलं तर म्हणालात, आईला विचार. जणू नियम तिने केला होता! ती ओट्याशी पाठमोरी होती आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दिवाळीत आणलेली नवी दुर्बीण भावाच्या गळ्यात होती. संध्याकाळी आल्यावर त्याने मला सांगितलं की त्यातून किनाऱ्यावरची क्रिकेटची मॅच झकास दिसते. मोठं होणं म्हणजे नक्की काय, बाबा? माझे पाय लांब झाले होते. उलट आता मी तुमच्या बरोबरीने चालले असते.

पुढच्या थंडीत तुम्ही भावाला घेऊन लग्नाला गावी गेलात, तेव्हा मी आईला म्हटलं, चल, तुला दाखवते. कोकणात समुद्राकाठी जन्मलेली बाई, पण लग्न होऊन मुंबईत आल्यापासून खाडीपलीकडे गेली नव्हती. तिवरांपाशी पोचल्यावर तिने चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि चिखलातल्या थव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यां सगळां माका कोणी कित्याक सांगूक नाय?" इतकी वर्षं त्या वाटेवर तिचा फक्त डबा गेला होता.

तुम्ही परत आल्यावर तिने स्वतःच सगळं सांगितलं, अगदी आनंदाने. तुम्ही आवाज चढवला नाहीत. बायकामाणसांनी भटकायची जागा आहे का ती, लोक काय म्हणतील, असं तुम्ही जेवता जेवता तिला सुनावलंत. ती भात वाढत म्हणाली, "लोक काय म्हणूक नाय. एका कोळणीन चाय दिल्यान." आणि मग शांतपणे, येत्या रविवारी चौघं जाऊया.

त्या रविवारी तुम्ही बूट घातलेच नाहीत. मला बरं नाही म्हणालात. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही, आणि नंतर कधीच नाही. एवढी प्रिय वाट तुम्ही सोडून दिलीत, पण आमच्याबरोबर चालला नाहीत. आम्ही दोघी जात राहिलो. परत यायचो तेव्हा तुम्ही खिडकीत पेपर धरून बसलेले असायचात आणि काय दिसलं, एवढंही विचारायचा नाहीत. आईने आधी काही दिवस आपणहून सांगून पाहिलं, मग तीही गप्प झाली. नंतर तुम्ही आजारी पडलात. आतल्या खोलीत किती तास मी तुमच्या उशाशी बसले, तेव्हाही एका शब्दाने हा विषय काढला नाहीत. हट्टाला काही सीमा असते की नाही?

हे पत्र कुठे पाठवणार, हा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी मी यातला फक्त राग पाठवला असता. तुमच्यामागून चालताना जेवढं सुरक्षित वाटायचं तेवढं नंतर कुठेच वाटलं नाही, ही ओळ मी खोडून टाकली असती.