एक बिल्ला फुकट

पर्थ, मार्च १५८७

ती. मार्जरीताई, देव तुला सांभाळो.

साचा मी कोरला, भट्टी मी रचली, आपल्या गावासकट तीन गावांच्या चर्चचे शिशाचे बिल्ले मीच ओतले; एकाचीही कड खरखरीत नाही. पाद्रीबाबांच्या धर्मपरीक्षेला उतरेल त्यालाच बिल्ला, आणि बिल्ल्याशिवाय प्रभुभोजन नाही.

काल एक अनोळखी गृहस्थ आला. म्हणाला, "मिस्त्री, दहा जादा ओता. बहीण तुमची अजून जुन्या, बंदी असलेल्या पंथाची जपमाळ ओढते म्हणे! तिला कोण देणार बिल्ला?"

ताई, हे तू फक्त मला लिहिलं होतंस. आपली पत्रं कोण फोडतं? म्हणून हे खात्रीच्या माणसाहाती पाठवतोय. माळ आजच पुरून टाक. गुडघा कसा आहे?

तो गरजू होता की चर्चचा हेर, कळेना. नऊ बिल्ल्यांचे चाळीस पौंड देत होता, दहावा तुझ्यासाठी फुकट ठेवा म्हणाला. मी नाही म्हणालो.

तुझा गिल्बर्ट