दोघं गेले, दोघं परतले

५ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली झकास आहे. खिडकीतून समोर डोंगरातली खिंड दिसते आणि परतीला लागलेले शिकारी पक्षी याच खिंडीतून उत्तरेकडे जातात. सामान टाकलं न टाकलं तोवर चार घारी आणि एक ससाणा गेलासुद्धा. घरमालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. काकूंनी चहा दिला. मी कप हातात घेऊन अंगणभर येरझाऱ्या घालायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, की खुर्चीला काटे आहेत का. आल्या आल्या ओळखलं मला! बायकोचंही हेच म्हणणं असतं, की मी घरी असलो तरी घरात नसतो. रविवारी ती आणि आमची चिमी येतायत. गरुड अगदी जवळून दाखवीन, असं चिमीला कबूल केलंय. गेल्या वर्षीही केलं होतं, ते जाऊ दे.

६ मार्च

लपण म्हणजे पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून बांधलेली लाकडी खोपटी. घरापासून पाऊण तासाचा चढ. समोर मास्तर मेलेलं जनावर टाकतात आणि त्यावर वाटेतले गरुड उतरतात. पण गरुडाची नजर म्हणजे काय विचारता! माणूस आत गेला आणि बाहेर आला नाही, तर दिवसभर फिरकायचे नाहीत. म्हणून दोघांनी आत जायचं आणि एकानं परत निघायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस जाताना दिसला की झालं त्यांचं समाधान. वाऱ्यानं दार वाजू नये म्हणून मास्तर जाताना बाहेरून कडी घालतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. फोन खोलीवरच ठेवायचा. दहा तास एका स्टुलावर! माझ्यासारख्याला ही जन्मठेपच. पण अकराच्या सुमाराला एक थोराड गरुड उतरला आणि मी बसल्या जागी गार. त्याच्या डोळ्यातलं आभाळसुद्धा फोटोत आलंय.

७ मार्च

आज सात गरुड. इतके जवळ, की लेन्स बदलावी लागली. संध्याकाळी मास्तर न्यायला आले खरे, पण गोंधळलेले वाटले. वर कशाला आलो तेच आठवेना, असं काहीतरी पुटपुटत होते. वय झालंय. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, दुपारी झोप लागली का. कुठली झोप? तर म्हणे सकाळी मास्तरांबरोबर परत आलात, जेवलात, मला भाजी निवडून दिलीत, मग वर जाऊन पडलात. भाजी निवडून, आणि मी! काकू फिरकी घेतायत. मीही विचारलं, नीट निवडली ना? अगदी छान, म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

८ मार्च

लपणातून आल्यावर बायकोला फोन केला. फारच खुशीत होती. म्हणाली, दुपारी किती निवांत बोललास, चिमीची अख्खी गोष्ट ऐकून घेतलीस, असाच राहा बाबा. फोन बघितला. बारा दहाला लावलेला कॉल, एक तास चार मिनिटं. तेव्हा फोन खोलीत होता आणि मी डोंगरावर. तो मी नव्हतो, हे न सांगताच फोन ठेवला. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला राग आला. तिच्याशी सलग तासभर मी शेवटचं कधी बोललो, आठवत नाही.

मास्तरांना विचारलं, सकाळी लपणातून तुम्ही एकटेच परतता ना? म्हणाले, रोज आपण दोघंच तर परततो.

९ मार्च

आज गेलो नसतो तर चाललं असतं. पण कोण बाहेर पडतं ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना. कडी लागल्याबरोबर फटीला डोळा लावला.

वाटेवर दोन पाठी. एक मास्तरांची. दुसरी माझी. तेच जाकीट, जे माझ्या अंगावर आहे. चाल मात्र माझी नाही — मी असा संथ कधीच चालत नाही. उतारावर त्यानं मास्तरांना हात दिला. मागे वळून बघितलं नाही.

घसा फुटेस्तोवर ओरडलो. दारावर लाथा घातल्या. समोरचे गरुड उडाले नाहीत. एकानं मानसुद्धा वर केली नाही.

संध्याकाळ झाली. मास्तर आले नाहीत.

१० मार्च

कोणी आलं नाही. कशाला येतील? मी तर घरी आहे —

एकही फळी हलत नाही. पाणी दोन घोट. गरुड येऊन लेन्सपुरत्या खिडकीच्या कडेवर बसलाय, हाताच्या अंतरावर. हात लावला. पिसं हाताला लागली. तो ढिम्म. फोटो काढून मोठा करून बघितला. त्याच्या डोळ्यात आभाळ आहे, खोपटी आहे, खिडकी आहे. खिडकीत कोणी —

उद्या रविवार. त्या येतील. त्यांना स्टेशनवर घ्यायला कोण जाईल?

११ मार्च

आले. मास्तर, बायको, तो. चिमी त्याच्या खांद्यावर. बायको हसतेय — इतकं मोकळं मी तिला कधी —

दार उघडलं. मी दारातच उभा होतो. हाक मारली. ती माझ्यावरून नजर फिरवून म्हणाली, किती कोंदट आहे रे. बाहेर पडायला गेलो, पाय उंबऱ्याशीच — पुन्हा गेलो — पुन्हा —

चिमीला त्यानं गरुड दाखवला. तिला घट्ट धरून बसला होता. माझ्याच स्टुलावर. जराही चुळबुळ न करता. ती विचारत होती, बाबा, आता तू घरीच राहणार ना. तो हो म्हणाला.

निघाले. कडी तू घाल म्हणतोय तिला, उचलून धरलंय — तिची बोटं दिसतायत फटीतून — चिमे, नको, घालू नकोस, बाबा आत आ