उघडा तळहात

२ फेब्रुवारी, सोमवार

नव्या कामाचा पहिला दिवस चांगला गेला. अंघोळ, देवाचं नाव आणि मग या चार ओळी, असा क्रम ठेवला आहे. गावच्या शाळेत मास्तरांनी रोज थोडं लिहायची सवय लावली, ती पन्नाशी जवळ आली तरी सुटत नाही.

हे वर्कशॉप गाड्या नुसत्या धुण्याचं नाही, त्यांची गेलेली चकाकी परत आणण्याचं आहे. राखाडी रंगवलेली जमीन, इतकी स्वच्छ की पाय ठेवताना संकोच वाटतो. छतभर पांढऱ्या ट्यूबलाइट, म्हणजे बारीकसा ओरखडाही लपून राहायला नको. मालकीण माझ्यापेक्षा लहान आहेत, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो. सीट आणि आतली सफाई ज्याच्याकडे आहे त्याला भोंगा म्हणतात. का, ते त्याने तोंड उघडताच कळलं. पहिल्याच तासाला मला काका म्हणाला. तुझे केस माझ्याहून पांढरे आहेत की, असं मी म्हटलं, तर म्हणतो, ते शाम्पूच्या फेसाने झालेत.

खरी कमाई म्हणजे वरच्या दोन खोल्या. इतकी वर्षं मी कुठे चौघांत एक कॉट घेऊन राहिलो आणि ही तिच्या भावाकडे. आता खिडकी आहे, ओटा आहे, दाराला आतून कडी आहे. ही पंधरा तारखेला, रविवारी सामान घेऊन येणार. फोनवर खिडकीचं इतकं कौतुक केलं, तर हिने आधी विचारलं की काच पुसलेली आहे का. हिचा स्वभावच तो. चकाकणारी वस्तू दिसली की तळहाताने पुसणार. आरसा, कपाट, परक्याच्या घरातली टीपॉयसुद्धा. आपला धंदा एकच आहे, फक्त मला त्याचा पगार मिळतो, असं मी तिला नेहमी चिडवतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज एक पांढरी गाडी पुरी केली. ताई खूश होत्या, पण एका गोष्टीवरून बोलल्याच.

माझ्या वस्तादांनी शिकवलं तसं मी करतो. आधी मशीन, मग मऊ कापड, आणि सगळ्यात शेवटी धुतलेला उघडा तळहात. डोळे मिटायचे, मनात देवाचं नाव, आणि पत्र्यावरून हात सावकाश न्यायचा. उजेडाला जे दिसत नाही ते हाताला कळतं. ताई म्हणाल्या, काका, आमच्याकडे हातमोजे घालायचे, घामाचे डाग पडतात. मी बरं म्हटलं आणि घातले. पण कानात कापूस घालून भजन ऐकल्यासारखं वाटलं. ताईंची पाठ वळल्यावर काढून ठेवले.

ते भोंग्याने पाहिलं. आधीचे मामाही असेच ऐकायचे नाहीत, म्हणाला. हे मामा माझ्या जागी पॉलिशचं काम करत. एक दिवस अर्धं काम टाकून कुणाला न सांगता निघून गेले. त्यांच्या चपला अजून रॅकखाली आहेत. त्यांचा एप्रन मला बरोबर बसतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कोपऱ्यातल्या गाडीवरचं कव्हर आज काढलं. काळी, लांब नाकाची, जुन्या घडणीची. ताईंच्या वडिलांची. ते रोज सकाळी ती नुसत्या हाताने पुसत, घरच्यांनासुद्धा हात लावू देत नसत. ते गेल्यापासून ती झाकूनच होती. मामांनी काम हाती घेतलं आणि बॉनेट अर्धं टाकून गेले. आता ते मी पुरं करायचं. पंधरा तारखेला ताई स्वतः तिच्यावर कोटिंग चढवणार. वडिलांची गाडी, म्हणून शेवटचा हात त्यांचा.

कोटिंग म्हणजे काचेसारखा कडक थर. एकदा वाळला की खालचं खाली. धुळीचा कण राहिला तर कण, केस राहिला तर केस, कायमचा आत. वरून कितीही हात फिरवा, त्याला लागत नाही. म्हणून त्याआधी पत्रा निर्मळ हवा.

बॉनेटवर चार आखूड रेघा आहेत, शेजारी शेजारी. गंमत अशी की नख फिरवलं तर अडकत नाही. वरचा ओरखडा नखाला अडकतो. या रेघा रंगाच्या थराखाली आहेत. मशीन लावलं, शेवटी तळहात फिरवला. गेल्या.

पत्रा हाताला कोमट लागला. मशीनची ऊब असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

रेघा पुन्हा दिसल्या. बॉनेटवर नाही, डाव्या दारावर. तशाच चार.

शनिवारी कव्हर मी स्वतः घातलं होतं. भोंग्याला विचारलं तर त्याने शपथ घेतली की त्या गाडीच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नाही. का, म्हटलं, तर हसला आणि रेडिओ मोठा केला.

घासल्या. गेल्या. जेवून आलो तर मागच्या दारावर. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा रोगच असतो. एक ओरखडा उरला तर घास गिळत नाही. दुपारभर मी त्यांच्या मागे गाडीभोवती फिरत होतो. मशीन पुरेना म्हणून नुसत्या हाताने घासत राहिलो.

आज ताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, बाबांच्या वेळी अशीच दिसायची. काळा रंग नव्हे, विहिरीत वाकून पाहावं तसं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. धुऊन लावला, पुसून लावला. भोंगा म्हणाला, काका, घासून घासून नशीबसुद्धा पुसलंत की. सगळे हसले. मीही हसलो.

मग खिडकीपाशी जाऊन हात उजेडात धरला. तळहातावर एक रेघ नाही. इतक्या वर्षांचे घट्टे नाहीत. कढईच्या तेलाने भाजलेला जुना डाग होता, तोही नाही. काचेच्या बशीसारखा हात.

हात जोडले. तळव्याला तळवा लागल्याचं कळलंच नाही.

हिला फोनवर सांगितलं नाही. ही सामान बांधते आहे. खिडकीचे पडदे शिवून झाले, म्हणाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

हातमोजे घातले. देवाशपथ घातले होते.

दारावर काम करत होतो. समोर प्रतिबिंब, माझंच, एप्रन घातलेलं, असं धरून चाललो होतो. भोंग्याने हाक मारली म्हणून मी हात थांबवला. त्याचा थांबला नाही. तो घासतच होता.

आणि त्याच्या अंगात एप्रन नव्हता. एप्रन माझ्या अंगात आहे. मामांचा.

त्याच्या मागे, खोल, इस्त्रीच्या सदऱ्यातला एक म्हातारा. तोही पुसत होता. सावकाश, रोजच्या सवयीने.

भोंग्याला ओढून आणलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, काका, तुम्ही आणि मी दिसतोय, आणखी काय दिसायचंय? पण माझ्या तोंडाकडे पाहून त्याने रेडिओ बंद केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दाढी करताना आरसा धुरकट. पुसला. पुन्हा पुसला. आरसा स्वच्छ आहे. भिंतीवरचं कॅलेंडर त्यात लख्ख दिसतं. धुरकट आहे तो मी.

गाडीच्या पत्र्यात मात्र मी पुरा दिसतो. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

नोकरी सोडतो म्हणून ताईंना सांगायला गेलो. सांगितलं. त्या मोबाइलमध्ये पाहत राहिल्या. पुन्हा सांगितलं. त्यांनी मान वर केली, माझ्यातून पलीकडे पाहिलं, आणि भोंग्याला विचारलं की काका आज कुठे दिसले नाहीत.

मी त्यांच्या कोपराशी उभा होतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला फोन केला. येऊ नकोस म्हणून. ही हॅलो हॅलो करत राहिली. मग भावाला म्हणाली, यांचा नंबर आहे पण आवाजच येत नाही, नुसतं काहीतरी घासल्यासारखं ऐकू येतंय.

गेटपर्यंत चालत गेलो. पुढचं पाऊल टाकलं ते काळ्या गाडीपाशी. परत गेलो. परत गाडीपाशी.

रेघा कशाच्या ते कळलं. मामांच्या नखांच्या. आतून. त्यांना मला सांगायचं होतं — हात लावू नकोस. आणि पॉलिशवाल्याला रेघ दिसली की तो काय करणार? मी प्रत्येक रेघ घासली. उघड्या हाताने. त्यांनी जितकं सांगितलं तितका मी —

१४ फेब्रुवारी

ट्यूबलाइट आता खाली आहेत, पायाखाली, वाकलेल्या. वही माझ्याबरोबर आली आहे. अक्षरं उलटी पडतात, सावकाश लिहावं लागतं.

मामा इथे आहेत. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांची नखं पुरी झिजली आहेत. म्हातारा वळून पाहत नाही, पुसतो.

देवाचं नाव येतं. ते पुसलं गेलं नाही. तेवढं धरून आहे.

१५, रविवार

ही आली.

दोन पिशव्या आणि पडद्यांचं गाठोडं. ताई सांगताहेत, काका गेले हो, मामांसारखेच, न सांगता. ही ऐकून घेते आहे. मग रॅककडे बोट दाखवते. ते चपला सोडून कुठे जायचे नाहीत, म्हणते. माझ्या चपला. मामांच्या शेजारी. भोंगा तोंडावर हात धरून बाहेर गेला.

ताईंनी कोटिंगची बाटली टेबलावर ठेवली आहे. हातमोजे शोधताहेत. थर चढला की हिचा हात माझ्यापर्यंत पोचणार नाही. मीही कधी — असो. लवकर, ताई.

ही गाडीकडे येते आहे.

एक रेघ ओढली तर ही हात लावेल. इतक्या वर्षांनी एका ठिकाणी. मनात आलं. देवा, मनात आलं.

नाही. हात आवरले. मामांचेही धरले. एकही रेघ नाही. पत्रा निर्मळ आहे. बघ आणि जा, बाई. वर जा, खिडकीची काच पूस.

वाकली. माझ्या तोंडासमोर तिचं तोंड. मला पाहते आहे? ओळखलं — नाही, रडते आहे. थेंब पडला. पत्र्यावर. डाग.

ताई, मोजे राहू द्या. बाटली उघडा —

पाण्याचा डाग आहे, वाळेल आपोआप, राहू दे, तू प्रत्येक ठिकाणी कशाला —

तळहात. हिचा. उघडा. केवढा मोठा दिसतो इथून, सगळ्या रेघा