मेव्हण्याच्या घरचा ओटा

मंगळवार, संध्याकाळ

घरकर्जाचं बँकेकडून आजही काही कळलं नाही. अडलंय ते माझ्या सिबिलवर. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो, हप्ते त्याने थकवले आणि डाग माझ्याही नावाला लागला. आज काष्टीला त्याचीच वास्तुशांत होती. कर्ज त्याने बायकोच्या नावावर काढलं, म्हणून मिळालं. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा. माझी बायको सुनंदा भावाच्या त्या ओट्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत होती. मला एवढं का झोंबावं? ओटाच तर तो.

पंगतीत मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचं बी व्हईल. जामीन लागला तर मी हाय की."

सगळे हसले. सुनंदाही हसली, ते काही गिळवेना. जिलेबी मात्र मी दोनदा मागून घेतली. तेवढीच वसुली.