मायच्या कॅसेटचं कव्हर

८ जुलै २०२५, सकाळी ७

आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्द्याचं. वरणगावच्या फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शन केलं, व्हीआरएस घेतली तरी रिपोर्टची सवय जात नाही.

विषय: ३ ऑगस्टला यंदाची कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव, आपल्या घरी. धुळ्याहून धाकटा भाऊ लोटन, त्याची सारिका, सगळे भाऊबंद जळगावला येणार. कानबाईची गाणी म्हणजे आमची माय. लोटनकडे गेली की तासन्‌तास म्हणते. माझ्या घरात चौदा वर्षं राहतेय, एक ओळ नाही. कारण घसा. डॉक्टर म्हणतात घसा उत्तम आहे. डॉक्टर बदलावा. धुळ्याची हवा कोरडी असते, तिथे घसा मोकळा होत असणार.

संकल्प: यंदा माय याच घरात गाणार.

साधन: मुलगी सोनलने पुण्याहून पाठवलेला म्युझिकचा डबा. टीव्हीला जोडला की गाणं स्पीकरवर आणि त्याच्या अल्बमचं चित्र अख्ख्या टीव्हीवर. मायची १९९६ ची कॅसेट त्यावर लावायची. स्वतःचा आवाज इतक्या थाटात ऐकला की ती आपोआप सूर धरणार. सोपं आहे.

९ जुलै

सापडली! कोणीतरी मायची कॅसेट ॲपवर टाकून ठेवली आहे. मायला खुर्चीत बसवलं, लावली. आवाज एक नंबर. चित्र मात्र जुन्या कव्हरचंच: केळीच्या घडाला टेकून उभी असलेली कोणीतरी मॉडेल, हनुवटीवर बोट. खाली गायिकेच्या जागी ‘अननोन आर्टिस्ट’.

माय बघत राहिली. मग मूग निवडायला उठून गेली. भारावली असावी.

१० जुलै

मायची बाजू नोंदवून ठेवतो. कॅसेट धुळ्याच्या एका छोट्या कंपनीने काढली. कव्हरसाठी मायचा साक्रीच्या स्टुडिओत खास फोटो काढला होता. नवं लुगडं, नाकात नथ. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर ही केळीवाली. मायचं नावसुद्धा नाही. कंपन्या अशाच असतात.

बायकोला, हेमलताला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढंच लिहिलंय का? मी म्हणालो, थोडक्यातच लिहायचं ठरलंय.

१४ जुलै

ॲपवाल्यांना मेल केला होता. उत्तर आलं: कव्हर फक्त हक्कदार बदलू शकतात. मी पोटचा पोरगा, माझ्याहून हक्कदार कोण? हे लिहून पाठवलं. पुन्हा तेच उत्तर, कॉमासकट.

धुळ्याला लोटनला कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे.

१७ जुलै

प्लॅन बी. घरातली कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, तिला आपणच कव्हर लावायचं, डब्यात टाकायची. कॉम्प्युटरवाला भिकन करून देतो म्हणाला. कव्हरचा फोटो चौकोनी द्या, दोनदा म्हणाला. मी त्याला शांतपणे विचारलं, टीव्ही आडवा आहे, मग फोटो चौकोनी कशाला? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मी ऐकून घेतलं नाही, कारण मायक्रॉनमध्ये मोजमाप केलेल्या माणसाला माप शिकवू नये.

२० जुलै

मायचा एकटीचा फोटो घरात नाही. ट्रंक, आल्बम, देवघर, सगळं बघितलं. एकसुद्धा नाही. आश्चर्य आहे.

शेवटी आमच्या लग्नातला ग्रुप फोटो निवडला, १९९७ चा. डाव्या टोकाला माय, चेहरा स्पष्ट. मधे आम्ही दोघं. आडवा, ऐसपैस. टीव्हीला अगदी फिट.

हेमलता म्हणाली, मायचा आज नवा फोटो काढा ना, पाच मिनिटांचं काम. मी समजावलं, आर्टवर्क त्या काळातलं हवं. मग ती म्हणाली, त्यापेक्षा एकदा मायजवळ बसा आणि जे बोलायचंय ते बोला. काय बोलायचंय? तिने चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

२३ जुलै, दुपार

रेकॉर्ड पूर्ण असावं म्हणून लिहितो. १९९६ साली मी त्या कंपनीत एकदा गेलो होतो. सहज. तेव्हा मला मुली बघणं चालू होतं. एका पाहुण्याने विचारलं होतं, तुमच्या घरातल्या बायका कॅसेटीत गातात का हो? मी चोवीस वर्षांचा, नुकता परमनंट झालेला. कंपनीवाल्याला एवढंच सुचवलं की नाव-फोटो नसला तरी चालेल. निर्णय त्यांचाच होता.

हे हेमलताला वाचून दाखवलं नाही.

२६ जुलै

भिकनने फाइल दिली. मोबाइलवर बघितली. पूर्ण फोटो दिसतो, मायसकट. टीव्हीवर टेस्ट करणार तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलवर ओके म्हणजे टीव्हीवर ओके. पास.

२९ जुलै, नागपंचमी

मागच्या ओट्यावर माय गुणगुणत होती. नक्की. मी चप्पल हातात घेऊन दारापर्यंत गेलो. मला बघितलं आणि थांबली. घसा. दुपारी ज्येष्ठमध आणून दिलं. तिने ते तसंच फडताळात ठेवलं.

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. पाच मिनिटं. पावसाबद्दल बोललो.

३ ऑगस्ट, सकाळी ९

सगळे आले. घर भरलं. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू दळून झाले, पुरण शिजतंय. चौरंगावर कानबाई बसली: नारळाला डोळे, नथ, गळ्यात पोत. माय स्वतः सजवत होती. प्रसन्न दिसते. बरोबर सहा वाजता कार्यक्रम. टीव्हीवर चादर टाकून ठेवली आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

३ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

आतल्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर जेवणं चालू आहेत.

सहा वाजता बायका कानबाईसमोर बसल्या. गुंताकाकूने मायला सांगितलं, अक्का, सुरू कर. माय पदर सावरून बसली. खरंच सावरून बसली. खाकरली. मी म्हणालो, थांबा. चादर ओढली, गाणं लावलं.

आवाज आला. पहिल्या ओळीला एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. मी टीव्हीकडे पाठ करून मायकडे बघत होतो, म्हणून मला सगळ्यात शेवटी कळलं.

पोरं हसायला लागली. मग सारिका. लोटन म्हणाला, भाऊ, बठ्ठं बराबर शे, पन माय कोठे शे?

डब्याने फोटो चौकोनी करून घेतला होता. दोन्ही बाजू कापून. बेचाळीस इंची टीव्हीवर मधोमध मी, मुंडावळ्या बांधून, तोंड अर्धवट उघडं. शेजारी हेमलताची अर्धी नथ. आणि आवाज मायचा. जणू मीच गातोय.

रिमोट सापडेना. मी सांगत होतो की ही सेटिंगची बाब आहे, भिकनला फोन लावतो.

माय म्हणाली, ऱ्हाऊ द्या त्याले. तो शे तठे, तेच बराबर शे. रागाने नाही, मीठ वाढायला सांगावं तशी म्हणाली. मग गुंताकाकूला सांगितलं, कंपनीवालानी माले तवयच सांगं व्हतं, तुना पोऱ्या उना व्हता, फोटो लई गया.

हेमलताने टीव्हीचं बटण बंद केलं. गाणी मग गुंताकाकूने म्हटली. माय टाळ्या वाजवत होती.

मी तिथे गेलो होतो हे एकोणतीस वर्षं तिला माहीत होतं.

४ ऑगस्ट

कानबाई नदीत शिरवली. नदीवरून परत आल्यावर मायने पिशवी भरली. लोटनच्या गाडीत बसली. किती दिवस, विचारलं. बघू, म्हणाली. मी म्हणालो, सेटिंग दुरुस्त करून ठेवतो, तू येईपर्यंत. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि काच वर केली.

रात्र पडायच्या आत खरं ते लिहून टाकतो. सुचवलं वगैरे काही नव्हतं. कंपनीवाल्याशी भांडलो होतो. फोटो टेबलावरून उचलला आणि निघालो. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मांडीवर होता. खूप छान आला होता. स्टँड सुटल्यावर खिडकीतून टाकला. मागे वळून बघितलं नाही, असं लिहिणार होतो. पण बघितलं. उताणा पडला होता.

घरात मायचा फोटो नाही याचं आश्चर्य मला कधीच नव्हतं.

६ ऑगस्ट

धुळ्याला फोन केला. माय झोपली होती.

७ ऑगस्ट

माय देवळात गेली होती.

९ ऑगस्ट, सकाळी ११

ठरवलं: आज माफी मागायची. शब्द कागदावर लिहून घेतले. चार ओळी, त्यात कंपनीचा उल्लेख नाही. हेमलताला दाखवलं, तिने एकही शब्द बदलला नाही.

फोन सारिकाने उचलला. मागे गाणं चालू होतं. मी विचारलं, कॅसेट लावली का? ती म्हणाली, नाही हो, गल्लीतल्या पोरी जमल्यात, माय शिकवतेय. मी म्हणालो, तिला उठवू नका, फोन तसाच धरून ठेवा.

ऐकत राहिलो. वयाने आवाज थोडा जाड झालाय. चढताना मधेच श्वास घेते, पूर्वी घेत नसे. पोरी मागून म्हणत होत्या, चुकत होत्या, माय हसून परत म्हणत होती. कॅसेटपेक्षा कितीतरी चांगलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

मग मायने विचारलं असावं, फोनवर कोण आहे. सारिकाने माझं नाव सांगितलं. गाणं थांबलं.

मी कागद उघडला. पण फोनवर सारिकाच आली. जरा अवघडून म्हणाली, माय म्हणतेय, त्याले सांग फोन ठेव. मंग मी पुढलं म्हनसू.

ठेवला.