करून दाखवणार नाही

१ जानेवारी. सकाळ.
आजपासून मी दिग्दर्शिका. अभिनय बंद म्हणजे बंद. इतकी वर्षं लोकांना रडवलं, आता दुसऱ्यांकडून रडवून घ्यायचं. संकल्प एकच: तालमीत कुणालाही करून दाखवायचं नाही. दिग्दर्शकाने बोलावं, नटाने शोधावं. (वाक्य माझंच आहे.)
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, छान, म्हणजे आता घरात तरी... आणि पेपरात तोंड घातलं. वाक्य अर्धवट सोडायची ह्यांची खोड जुनीच.
नाटक गंभीर आहे. बाप मरतो, मुलगी त्याला शेवटपर्यंत माफ करत नाही. निर्मात्याने साफ सांगितलंय: हे पडलं तर पुढचं नाटक दुसरा कुणीतरी बसवणार आणि मी त्यात नायकाची आत्या. आत्या! दोन प्रवेश आणि दोन्हींत हातात चहाचा ट्रे. मेले तरी करणार नाही.

६ जानेवारी.
पहिली तालीम. कुणालाही करून दाखवलं नाही. फक्त डॉक्टरचं काम करणाऱ्याला दाखवलं, पण तो हौशी, बँक सुटली की येतो, त्याला धरायचं नाही.
त्याने नाडी बघून बाप गेल्याचं सांगायचं असतं. हा नुसतं ‘गेले’ म्हणाला. लाइट गेल्यासारखं. म्हटलं, अरे बाबा, माणूस गेलाय! उजवा हात कपाळावर, तीन पावलं मागे, मान झटकून वळायचं. माझ्या ह्या तीन पावलांवर एके काळी अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. त्याने हुबेहूब उचललं. शिकवण्याची कला उपजतच असावी लागते.

९ जानेवारी.
वकिलालाही दाखवावं लागलं. मग भावाचं काम करणाऱ्यालाही. एकाला दाखवून दुसऱ्याला न दाखवणं म्हणजे पक्षपात.
बापाचं काम करणारे ज्येष्ठ नट मेल्यावर घोरतात. सोफ्यावर आडवं होऊन त्यांना मरून दाखवलं. ते म्हणाले, बाई, मेलेल्या माणसाचा हात कपाळावर कसा जाईल? म्हटलं, मरायच्या आधी गेला असेल. हल्ली ज्येष्ठांमध्ये शिस्त म्हणून राहिली नाही.

१५ जानेवारी.
नायिकेने डोकं उठवलंय. पोरगी गुणी, पण हट्टी. बाप गेल्याचं ऐकून काहीच करत नाही. खुर्चीवरचा त्याचा स्वेटर उचलते, घडी घालते, परत ठेवते. बराच वेळ बघितलं. शेवटी विचारलं, अभिनय कधी सुरू करणार? म्हणाली, मॅडम, चालू आहे.
तिलाही दाखवलं. म्हणाली, मला आतून असं होत नाही. म्हटलं, आतलं आत राहू दे, शेवटच्या रांगेने काय बघायचं? शेवटी केलं तिने, रडवेली होऊन. डोळ्यांतलं पाणी खरं होतं. याला म्हणतात नटाकडून काढून घेणं.

२२ जानेवारी.
दूध उतू गेलं. हे स्वयंपाकघरातून तीन पावलं मागे मागे आले, कपाळावर हात. चेष्टा करतात. पण पावलं बरोबर पडली.

२ फेब्रुवारी.
रंगीत तालीम. सेटवाला म्हणाला, तीन-तीन माणसं मागे सरकणार, सोफा तरी हलवू का? म्हटलं, भावना काय सोफा बघून येते? सोफा तिथेच ठेवून गेला. काही लोकांना नाटक म्हणजे फर्निचर वाटतं.

१० फेब्रुवारी. पहिल्या प्रयोगानंतर.
डॉक्टर मागे आला, वकिलावर आदळला. वकील भावावर. भाऊ सोफ्यावर बसला, म्हणजे बापाच्या पायांवर. बाप ‘आई गं!’ म्हणाला. प्रेक्षक हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग नायिका कपाळावर हात ठेवून निघाली तेव्हा मागच्या रांगा मोठ्याने मोजायला लागल्या: एक, दोन, तीन!
सोफा चुकला. सेटवाल्याने आग्रह धरायला हवा होता.
मेकअपरूमचं दार लावून रडले. कपाळावर हात न ठेवता. गाडीत ह्यांनी हात हातात घेतला. म्हणाले, तुझं काम नेहमीसारखंच झालं. मी स्टेजवर नव्हते, हे ह्यांच्या लक्षातच आलं नाही.

१२ फेब्रुवारी.
पेपरात आलंय! ‘जुन्या भडक अभिनयाची इतकी निर्दय टिंगल गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. दिग्दर्शिकेने स्वतःलाही सोडलेलं नाही.’ पुढचे प्रयोग हाउसफुल्ल. निर्मात्याने केक आणला. जाहिरातीत आता ‘हसून हसून पुरेवाट’.
तशी टिंगल करायची हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलंच होतं. वहीत लिहायचं तेवढं राहून गेलं.

१९ फेब्रुवारी.
आज नायिकेने बंड केलं. पावलं नाहीत, कपाळ नाही. स्वेटर उचलला, घडी घातली, ठेवला. बस्स.
थिएटर गार. हसायला आलेली माणसं गप्प बसली. मग कुठेतरी कुणीतरी नाक ओढलं, मग आणखी कुणीतरी. मी विंगेत उभी होते. मीही रडले. खोटं कशाला लिहू? असं मला एकदाही जमलं नाही.
निर्माता भडकला. लोक हसायचे पैसे देतात, म्हणाला, आणि तोंडं पाडून बाहेर गेले. उद्या तालीम लावा, तिला सांगा, तुमच्यासारखं करायचं. हशा गेला तर नाटक गेलं. मग आत्या आहेच.
सकाळी त्याला ठणकावून सांगणार आहे: पोरगी करते तेच बरोबर. दिग्दर्शिका मी आहे.

२० फेब्रुवारी.
तालीम झाली. निर्माता पहिल्या रांगेत बसून होता. घसा जरा बसला होता, त्यामुळे ठणकावता आलं नाही.
नायिकेने बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, खरं सांगा, काल आवडलं नाही तुम्हाला? म्हटलं, प्रेक्षकांचाही विचार करावा लागतो. तिने हातातला स्वेटर खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, ठीक आहे, तुम्हीच एकदा करून दाखवा.
दाखवलं. अगदी मनापासून, बाप खरंच गेल्यासारखं. उजवा हात कपाळावर, तीन पावलं मागे, मान झटकून वळले.
सगळे पोट धरून हसत होते. एक नायिका सोडून.
निर्माता डोळे पुसत म्हणाला, बघ, हे असं. अगदी अस्संच.