शेंगरावाचा अपमान

१८ नोव्हेंबर, दुपार
व्हॉट्सॲपवर मेसेज आला. रिसोडला जानेवारीत सोयाबीन मेळावा भरणार आहे. मेळाव्याच्या समितीला शुभंकर पाहिजे, म्हणजे मॅस्कॉट. त्यासाठी स्पर्धा. चित्र काढून द्या, बक्षीस नाही, मानधन नाही, फक्त सन्मान.
वाचता क्षणी कळलं. हे माझ्यासाठीच आहे.
किती वर्षं नंबर प्लेटी रंगवायच्या? ऑटोच्या मागे लावायला रेडियममध्ये 'आईचा आशीर्वाद' कापून कापून आशीर्वादाचाच वीट आला. एक काळ मालेगावात दुकानांच्या पाट्या माझ्या ब्रशने बोलायच्या. मग फ्लेक्स आलं. आता जिकडे बघावं तिकडे वाढदिवसाचे बॅनर, त्यावर गॉगल घातलेली तोंडं. रस्त्याने जाताना मळमळतं.
नितेला सांगितलं, शुभंकर काढतोय. ती भाजी निवडत होती. म्हणाली, कोनाचा पोरगा हाय तो?
बायको चांगली आहे. कलेचं अंग नाही.

१९ नोव्हेंबर
संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) शुभंकर होईपर्यंत नंबर प्लेट बंद. ३) दिनेशशी न बोलणे.
दिनेशचं फ्लेक्सचं दुकान माझ्या समोरच. त्याच्या हातात पेन्सिल उलटी दिली तर तो तशीच धरेल. आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे!
उठलो साडेआठला. पण डोक्यात काम चालूच होतं.

२१ नोव्हेंबर
बाकीचे काय काढणार? बैल, नांगर, मिशीवाला शेतकरी. तेच ते. किळस येते.
मी सोयाबीनची शेंगच माणूस करून उभी करणार. नाव शेंगराव. सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. नितेला काटा दाखवला. ती म्हणाली थंडी पडली, स्वेटर घाला.

२४ नोव्हेंबर
शेंगराव झाला!
हिरवागार. पोटावर दाण्यांचे फुगवटे. शेंगेला बारीक लव असते, तीही एकेक केस ओढून काढली. उभा नाही, जरा कमानदार वाकवला, म्हणजे नाचल्यासारखा वाटतो. डोळे मोठे, चमकदार. आजच्या शेतकऱ्याला दहा कामं, म्हणून हात सहा दिले. एकात विळा, एकात मोबाईल, एकात पाण्याची बाटली. बाकीचे हात स्वागताला.
नितेला बोलावलं. तिने पदराला हात पुसले, चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मग विचारलं, "हे अळी कायले काढली तुमी?"
मी शांत राहिलो. समजावलं, ही शेंग आहे. ती म्हणाली, मंग पाय काहून इतके? म्हटलं हात आहेत. म्हणाली, "असतीन. मले त उंट अळीच दिसून राह्यली."
जेवलो नाही. म्हणजे एक भाकर कमी खाल्ली.

२५ नोव्हेंबर
दुसरं मत घ्यावं म्हणून सासऱ्यांच्या मळ्यात गेलो. गुलाबराव मामाजी वांगी तोडत होते. वयाने नजर कमी झाली आहे, तरी अनुभवी माणूस. चित्र दोन्ही हातांनी धरलं, उन्हात नेलं. म्हणाले, "जवाईबापू, लय मोठी झाली हे. आधीच फवारा मारा लागत होता."
नजर फारच कमी झाली आहे. डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

२८ नोव्हेंबर
रिसोडला जाऊन चित्र दिलं. समितीचे अध्यक्ष उदयसिंगभाऊ. मोठा माणूस, मार्केटात वजन. माझं चित्र हातात घेऊन बराच वेळ बोललेच नाहीत. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चित्राकडे. भारावले असणार. शेवटी म्हणाले, बरं हाय, ठेवा.
अशी माणसं जास्त बोलत नाहीत.
मेळाव्याच्या मैदानाची भिंत कोरी पडलेली पाहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, निकाल लागायचा तेव्हा लागेल, मी या भिंतीवर शेंगराव फुकट काढून देतो. रंगही माझा. ते मोबाईलवर बोलत होते. हाताने म्हणाले, पहा तुमाले जमन तसं.
म्हणजे निकाल लागल्यासारखाच.

३ डिसेंबर
दोन दिवस शिडीवर. मान गेली, कंबर गेली, पण शेंगराव भिंतभर उभा राहिला. माणसापेक्षा उंच. खाली ठसठशीत सही, 'जगदेव आर्ट्स, मालेगाव', आणि मोबाईल नंबर.
मैदानातून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने मोटारसायकल थांबवली. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हुबेहूब काढली भाऊ. यंदा आमच्या वावरात बी लय होती."
होणारच. यंदा पाऊस वेळेवर पडला, शेंगा चांगल्या धरल्या.
शेतकऱ्याला कळतं. शहाण्यांना कळत नाही.

९ डिसेंबर
सत्काराला काय बोलायचं ते ठरवलं. सुरुवात नम्र, मध्ये फ्लेक्सवर टीका, शेवटी डोळे पाणावणे. आरशासमोर पाणावून पाहिले. जमतं.
मानोऱ्याहून एक जण आला होता, बहिणीच्या लग्नाला गेटची पाटी पाहिजे होती. म्हटलं, मी सध्या मोठ्या कामात आहे. तो समोर दिनेशकडे गेला. जाऊ दे. निता म्हणाली, जाऊ कायले दिला, घरात तेल सरलं. तेल! मी कोणत्या उंचीवर, ही कुठे!

१४ डिसेंबर, सकाळी
निकाल लागला.
दिनेश.
ज्याला एक रेघ ओढताना मी कधी पाहिलं नाही, तो दिनेश. मोबाईलला तोंडाने सांगितलं, शेतकरी काढ, सोयाबीन काढ. मोबाईलने काढलं. झाला पहिला नंबर.
ते चित्र मी झूम करून पाहिलं. शेतकऱ्याच्या एका हाताला बोटं पाच नाहीत, जास्त आहेत. सोयाबीनचे दाणे आंब्याच्या कोयीएवढे. मागे डोंगर, डोंगरावर बर्फ! रिसोडला बर्फ! शी. चहा पिता पिता ठसका लागला.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
उदयसिंगभाऊंना फोन केला. स्पर्धेला किती चित्रं आली? म्हणाले, दोन. मग माझा दुसरा नंबर तरी? म्हणाले, दुसरा आमी कोनालेच नाई देल्ला.
कारण विचारलं. जरा चाचरले. मग म्हणाले, "भाऊ, हात तुमचा चांगला हाय. पण शेतकरी लोकं मेळाव्यात शिरल्या शिरल्या घाबरतीन."
घाबरतील! कलेला घाबरतील!
फोन ठेवला. म्हणजे त्यांनीच आधी ठेवला.
दिनेश पेढे घेऊन आला होता. मी त्याच्याशी बोलत नाही, म्हणून मान फिरवली. पेढा नितेने घेतला. वर म्हणाली, चांगला हाय, तुमी बी घ्या.

१५ डिसेंबर
या गावाचा, या तालुक्याचा, अख्ख्या जिल्ह्याचा कंटाळा आला. सगळ्यांच्या डोळ्यांवर फ्लेक्स चढलंय. खरं चित्र समोर ठेवलं तर यांना ओकारी येते, आणि बर्फातलं सोयाबीन बघून टाळ्या.
संकल्प: मेळाव्यावर बहिष्कार. जन्मात रिसोडचं तोंड बघणार नाही. कलासंन्यास. ब्रश पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.
दिवसभर दुकान उघडं ठेवलं. कोणी फिरकलं नाही. बहुतेक माझ्या बहिष्काराची बातमी पसरली.

२२ डिसेंबर
रिसोडला गेलो होतो. कामाने. काम काही खास नव्हतं.
भिंत पाहिली. पाहिली नसती तर बरं झालं असतं. शेंगरावाच्या गुडघ्यापर्यंत तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. लाल, ओल्या, काही सुकलेल्या, एकीवर माश्या. एक माणूस माझ्यादेखत आला, निवांत उभा राहिला आणि बरोब्बर नेम धरून थुंकला. मी ओरडलो. तर म्हणतो, "अळीवर थुकलो ना भाऊ, तुमच्यावर थोडी थुकलो?"
रुमाल ओला करून पुसायला लागलो. पाणी कमी पडलं. डाग आणखी पसरला. हाताला तो वास. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले तरी जेवताना घास तोंडाजवळ नेववेना. किळस. माणसांचीच किळस.
नितेने विचारलं काय झालं. सांगितलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग सांगितलं. तिने भाकरी मोडून दुधात कालवून दिली.

५ जानेवारी
आज मेळाव्याला गेलो. बहिष्कार कायम आहे. नितेला बियाणं बघायचं होतं, तिला एसटीने एकटीला कसं पाठवायचं, एवढ्यासाठी.
गेटवर दिनेशचा बर्फाळ शेतकरी, दोन मजली उंच. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते. मी तोंड फिरवून आत शिरलो.
आत माझ्या भिंतीसमोर ही गर्दी! ऊर भरून आला. नितेला म्हटलं, बघ. शेवटी लोकांनी निवडलंच. माणसं बाजूला सारत पुढे गेलो.
एका कीटकनाशकवाल्याने भिंतीला लागून स्टॉल मांडला होता. हातात माईक, दुसऱ्या हातात लांब काठी. काठी शेंगरावाच्या डोक्यावर टेकवली नि म्हणाला, शेतकरी बंधूंनो, हे पहा तोंड, याच तोंडाने पानं खाते. काठी खाली आली. हे पहा पाय. ही पाहा कमान, चालताना अशी वाकते. एवढी चांगली अळी तुमाले पुस्तकात बी नाई भेटनार.
लोक माना डोलवत होते. मोबाईलवर फोटो काढत होते.
मला बोलायचं होतं. फ्लेक्सवरची टीका पाठ होती, ती आठवेना. वाटलं, मागच्या मागे निघून जावं.
तेवढ्यात शेजारी आवाज आला. नितेचा. एवढा मोठा आवाज मी घरातही ऐकला नव्हता.
"ओ दादा! काठी काढा ते. माया नवऱ्यानं शेंग काढली. अळी नाई."
स्टॉलवाला हसला. म्हणाला, ताई, रागाऊ नका, पण हे अळीच हाय. निता म्हणाली, तुमाले समजत नसन त गप बसा, शेंग हाय, सोयाबीनची शेंग हाय. त्याला आणखी मजा वाटली. त्याने माईक लोकांकडे फिरवला. सांगा बंधूंनो, शेंग का अळी?
सगळं मैदान ओरडलं. अळी!
मध्ये एकटीच बाई, लाल झालेली, कडेवर बियाण्याची पिशवी, म्हणत होती, "शेंग! शेंग हाय ते!"
लोक हसले. ती हलली नाही. एक शब्द मागे घेतला नाही. मग माझा हात धरून मला गर्दीतून बाहेर काढलं. माझ्या हाताला घाम होता. तिच्याही.
गाडीवर परत येताना मी म्हणालो, तुला कळलं शेवटी, याचं मला समाधान आहे. उशिरा का होईना, कलेची नजर आली.
ती मागून म्हणाली, "मले अजून बी अळीच दिसते. पण तुमी दोन दिवस शिडीवर होते. त्यावर कोनी काठी कायले ठेवाव?"
वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. आरशासमोर यायचं तसं नाही, वेगळं.

६ जानेवारी
त्या कीटकनाशकवाल्याचा फोन आला. भिंतीवरचा नंबर पाहून केला म्हणे. आधी माफी मागितली. मग म्हणाला, मालेगावात चौकातल्या त्याच्या गोडाऊनच्या भिंतीवर सोयाबीन पोखरणारा चक्रीभुंगा काढून पाहिजे. फ्लेक्सवर तशी जिवंत कीड उठत नाही, तुमच्याच हाताची पाहिजे.
मी स्पष्ट नाही म्हणालो. कलाकाराला स्वाभिमान असतो, हे त्याला ऐकवलं. तो ऐकून घेत होता.
मग विचारलं, भिंत केवढी आहे.